तिला पाण्यातून कोणी काढलं

तेइजी कुराताला त्याच्या थोरल्या बहिणीने, हात्सुएने, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "चिनात्सुचं लग्न ठरलंय. गुरुवारी सकाळी त्या जुन्या बागेत लग्नाचे फोटो काढणार आहेत. जायचं तर जा, पण लांबूनच बघ. तोंड दाखवू नकोस."

त्याला ते लागलं नाही. सव्वीस वर्षांत त्याने मुलीला पाहिलं नव्हतं, आणि का, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तेव्हा तो तोक्योत बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी प्यायचा. त्या रविवारी पाच वर्षांच्या चिनात्सुला घेऊन तो बागेत आला. तिथे तळ्याच्या काठाकाठाने पाण्यात मोठाले दगड मांडलेत, त्यांच्यावर पाय टाकत जायचं. पोरीला तेवढंच हवं असायचं. तो बाकावर बसला, पिशवीतली बाटली संपवली, आणि त्याचा डोळा लागला. जाग आली ती माळ्याच्या ओरडण्याने. माळी छातीपर्यंत भिजलेला, आणि त्याच्या खांद्यावर ओठ निळे पडलेली चिनात्सु.

पोर वाचली. महिन्याच्या आत बायकोने, सुमिएने, घटस्फोटाच्या कागदावर सहीच्या जागी त्याचा शिक्का घेतला आणि मुलीला घेऊन ती निघून गेली. तो भांडला नाही. निइगाताला आपल्या गावी परतला. दारू सुटायला सात वर्षं लागली. सुटल्यावर त्याने सुमिएला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि दुसरं लिहायचा धीर त्याला झाला नाही.

गुरुवारी पहिल्या गाडीने तो आला. नोव्हेंबर संपत आला होता, मेपल लालभडक झाले होते. तळ्याच्या पार पलीकडचा, पाइनखालचा बाक त्याने मुद्दाम निवडला, आणि नेमकी सगळी मंडळी तिकडेच आली. पांढऱ्या किमोनोतली नवरी त्याने चेहऱ्यावरून ओळखली नाही. चालताना तिचा डावा खांदा किंचित खाली जात होता. तेइजीची आई अशीच चालायची.

"काका, माफ करा हं," फोटो काढणारी मुलगी धावत आली. "हे झाड आम्हाला फोटोत हवंय. जरा पलीकडे व्हाल?"

तो उठला, पण तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला. ऊन येईपर्यंत थांबायचं ठरलं. नवरदेव आपल्या आईवडिलांकडे गेला. नवरीची आई कोट आणायला कपडे बदलायच्या खोलीकडे गेली होती.

"बरं झालं," नवरी बाकावर टेकत म्हणाली. "अंगावर सात किलोचं ओझं आहे. काका, तुम्हीही बसा की. तुम्हाला उठवून मी बसले तर बरं दिसत नाही."

तो कडेला बसला. "अभिनंदन तुमचं," म्हणाला.

"थँक्यू. इथलेच का तुम्ही?"

"निइगाताचा. पूर्वी यायचो इथे."

"मीसुद्धा. वडिलांबरोबर. म्हणून तर हट्ट धरला, फोटो इथेच. आई नकोच म्हणत होती." तिने हनुवटीने पाण्यातले दगड दाखवले. "तिथून पडले होते मी. पाच वर्षांची होते. वडिलांनी उडी मारून बाहेर काढलं मला."

तेइजीने गुडघ्यावरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"चेहरा नाही आठवत त्यांचा. खांदा आठवतो. खरखरीत, ओला. मातीचा वास यायचा त्याला."

बस चालवणाऱ्याच्या खांद्याला मातीचा वास कुठून येणार?

"मग आता ते...?"

"त्याच हिवाळ्यात गेले. न्यूमोनिया झाला." पुष्कळदा सांगून झाल्यासारखं ती सहज बोलत होती. "लहानपणी वाटायचं, त्या गार पाण्याने, म्हणजे माझ्यामुळेच गेले. आई म्हणायची, बापाला त्याचं काही वाटत नसतं. तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी."

"मग तुम्हीच सांगा. वाटतं का काही?"

हात्सुए 'तोंड दाखवू नकोस' का म्हणाली, ते त्याला आत्ता कळलं.

"नाही वाटत," तो म्हणाला. "तू वाचलीस ना. बापाला तेवढं पुरतं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही. तिने मात्र त्याच्याकडे नीट वळून पाहिलं, हसली, आणि तेवढ्यात ऊन आलं. तिला हाक मारून घेऊन गेले.

हातात कोट घेऊन सुमिए परतली आणि त्याला पाहून जागच्या जागी थांबली. केस पांढरे झाले होते तिचे. मग हळूहळू येऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली. नजर मुलीकडेच होती.

"सांगितलंस?"

"नाही."

"रोज विचारायची, बाबा कधी येणार. एक दिवस तोंडातून निघून गेलं. मग मेलेल्या माणसाबद्दल वाईट सांगवेना."

"आणि पाण्यातून काढल्याचं?"

"ते तिनेच मनात धरलं होतं. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"माझं पत्र?"

"आलं होतं. तेव्हा बारा वर्षांची होती ती. तुझ्या फोटोपुढे रोज सकाळी उदबत्ती लावायची... फोटो पाठमोरा होता, दुसरा मी ठेवलाच नव्हता." सुमिएने हातावरचा कोट सारखा केला. "तू म्हणशील तर सांगते तिला. आज नाही, पण सांगते."

पलीकडे नवरदेव काहीतरी बोलला आणि चिनात्सु तोंडावर हात धरून हसली.

"नको," तेइजी म्हणाला. "बाप नाही, याची तिला सवय झालीय. आता आईपण कशाला घालवायची तिची?"

सुमिए त्याच्यापुढे कमरेत वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. वीस पावलांवर फोटो काढणारी मुलगी थबकून बघत होती.

"आई," चिनात्सुने हाक मारली, "काकांना विचार ना, एका फोटोत येतात का? निइगाताहून आलेत."

"गाडीची वेळ झालीय," तेइजी म्हणाला, आणि तिला ऐकू जावं म्हणून परत एकदा मोठ्याने म्हणाला.

गाडी संध्याकाळची होती. बागेबाहेरच्या थांब्यावर तो बसून राहिला. दोन बस गेल्या. तिसरीच्या तरण्या ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, "आजोबा, चढताय ना? बरं वाटत नाहीये का?"

"मुलीचं लग्न आहे," तेइजी म्हणाला.

"अरे वा, अभिनंदन," ड्रायव्हर म्हणाला.

तेइजी उठून वर चढला आणि त्याच्या मागच्याच सीटवर बसला. स्टेशन येईपर्यंत तो त्याला मुलीबद्दल सांगत होता. ती पाच वर्षांची होती तिथपर्यंतचं सगळं.