कॅप्टनांची उशी

कॅप्टनांनी उशी काखेत मारली, विमानाचं दार ढकललं, एक पाय पंखावर ठेवला आणि परत आत घेतला.

हँगरच्या दारात मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला होता, तो पुन्हा उचलला. कँटीनच्या पायऱ्यांवर जमलेली सात-आठ माणसं आपापल्या गार झालेल्या चहाकडे परतली. आठवड्यातली ही तिसरी वेळ. सोमवारी वारा आडवा होता. बुधवारी लांब कुठेतरी एक घार होती. आज, शुक्रवारी, उजव्या चाकात हवा कमी वाटत होती. मिस्त्रींनी मीटर लावून पाहिलं. हवा होती.

पंच्याहत्तर वर्षांच्या या फ्लाइंग क्लबात ‘आता एकट्याने जा’ असं कुठलाच शिक्षक कधी म्हणालेला नाही. संस्थापक बुटके होते. समोरचं दिसावं म्हणून उशी घेऊन बसत. पहिल्या विद्यार्थ्याला एकट्याने सोडायची वेळ आली तेव्हा त्यांना शब्द सुचेनात, म्हणून ते उशी उचलून उतरले आणि चालू लागले. तेव्हापासून तीच रीत. शिक्षक ताडमाड असला तरी उशी घेऊन बसतो. विद्यार्थी तयार झाला की शिक्षक उशीसकट उतरतो, विमानाकडे पाठ करतो आणि ते परत टेकेपर्यंत वळून पाहत नाही. उशी न उतरता केलेलं उड्डाण क्लबच्या दप्तरी धरत नाहीत.

कॅप्टनांनी अशी दोनशे अकरा वेळा पाठ फिरवली होती. कोणी बारा तासांत सुटलं, कोणी अठरांत. दोनशे बाराव्या विद्यार्थिनीचे एक्केचाळीस तास झाले होते. ती त्यांची बायको होती.

बाई भूगोलाच्या शिक्षिका. चौतीस वर्षं मुलांना नकाशे दाखवले, आता खरंच वरून तसं दिसतं का ते बघते, असं म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लबाचा फॉर्म भरला. विमानात त्या नवऱ्याला ‘सर’ म्हणत, जमिनीवर ‘अहो’. यात कधी गफलत झाली नव्हती. शिकवणीच्या वहीत एक्केचाळीस तासांचे शेरे होते आणि बहुतेक सगळे एकच होते: ‘उत्तम. अजून एकदा.’

रविवारी बाईंना साठ पूर्ण होणार होती, आणि क्लबाच्या नियमावलीप्रमाणे साठीनंतर पहिलं एकट्याचं उड्डाण करता येत नाही. नियम करणारे सगळे तेव्हा तिशीत होते. नियम बदलायला सभा लागते आणि सभेला निम्मे सभासद लागतात. तेवढे सभासद एका छताखाली शेवटचे कधी आले होते, हे क्लबाचा इतिहास लिहायला घेतलेल्या सेक्रेटरींनाही सापडलं नव्हतं. त्यांच्या इतिहासाचं शेवटचं पान, कॅप्टनांनी एकूण किती विद्यार्थी एकट्याने सोडले या एका आकड्यासाठी, अडलं होतं आणि छापखान्यातून दिवसाआड फोन येत होता.

शुक्रवारी घरी जेवताना बाईंनी विषय काढला.

“माझं काय चुकतंय, ते तरी सांगा.”

कॅप्टनांचा घास हातातच राहिला.

“काहीच चुकत नाही.”

“मग?”

“तेच तर.”

नंतर ते गॅस बंद आहे का बघायला उठले. तो बाईंनी बंद केला होता.

शनिवारी कॅप्टन तासभर आधी हँगरमध्ये आले. उजव्या चाकाची हवा मोजायला लावली. तीस. जरा वेळाने पुन्हा मोजायला लावली. तीस.

“साहेब, हवा आहे ती,” मिस्त्री मीटर खिशात टाकत म्हणाले. “दूध नाही, मांजर प्यायला.”

बाईंनी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा विमान इतकं अलगद टेकलं की कॅप्टनांना बोलायला जागा उरली नाही. तिसऱ्या फेरीनंतर बाईंनी ते धावपट्टीच्या टोकाला, क्लबाच्या व्हरांड्यापासून हाकेच्या अंतरावर, उभं केलं. इंजिन संथ चालू होतं. कॅप्टनांनी वाऱ्याचा अंदाज घेतला. वारा पडलेला होता. आभाळात घार सोडाच, चिमणीही नव्हती. त्यांनी उशीच्या कोपऱ्याला हात घातला आणि तो तिथेच राहिला.

“अहो,” बाई म्हणाल्या, “उजव्या चाकात हवा कमी वाटतेय. बघता का?”

कॅप्टनांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पट्टे सोडले, उतरले आणि चाकाशी वाकले. पाठोपाठ उशी दारातून बाहेर आली, पंखावरून घसरली आणि गवतात पडली. दार लागलं.

सेक्रेटरी हातातला रेडिओ घेऊन व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत धावत आले. बाई जायची परवानगी मागत होत्या.

“कॅप्टन, उशी तुम्ही उतरवलीत की पडली?”

एक हात वर केला असता तरी विमान थांबलं असतं. कॅप्टनांनी उशी उचलली, झटकली, काखेत मारली आणि विमानाकडे पाठ करून चालू लागले.

सेक्रेटरींनी परवानगी दिली.

मागे बघायचं नव्हतं, म्हणून कॅप्टन हँगरच्या दारातल्या मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मिस्त्रींची हनुवटी हळूहळू वर गेली, डावीकडे वळली, बराच वेळ डावीकडेच राहिली. कॅप्टनांचा उजवा पाय, विमानातलं पेडल दाबावं तसा, गवत दाबत होता. ओठ हलत होते.

“कुठवर आली?”

“रीत म्हणजे रीत, साहेब.”

मग मिस्त्रींचा चेहरा एकाएकी वाकडा झाला. डोळे मिटले, तोंड उघडलं. काखेतली उशी चेपून पापडासारखी झाली. मिस्त्री शिंकले.

“टेकतायत,” ते नाक पुसत म्हणाले आणि पाना उचलून आत गेले.

सेक्रेटरींनी छापखान्याला फोन लावून दोनशे बारा सांगितले, आणि दोनदा सांगितले. बाई विमान बंद करून गवतातून चालत आल्या. केस विस्कटले होते. ते त्यांनी सारखे केले नाहीत. खाली नदी नकाशापेक्षा जास्त वळते, एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं:

“किती होती हवा?”

“तीस.”

“मीटर तर मिस्त्रींच्या खिशात असतो.”

कॅप्टन उशीला चिकटलेली गवताची काडी काढत होते. ती निघाल्यावर ते दुसरी शोधू लागले.