दोन आजोबा आणि एक सिंह

किसुमूतल्या प्रत्येक शीख घरात एक मेलेला सिंह असतो. घरात म्हणजे गोष्टीत. आजोबा-पणजोबा पंजाबातून रूळ टाकायला आफ्रिकेत आले आणि प्रत्येकाने एकेक सिंह लोळवला, असं नातवंडांचं म्हणणं. हे सगळे सिंह खरे धरले, तर रूळ टाकायला जागाच उरली नसती.

निधानसिंग लाकूडवाल्याला हा विनोद मुळीच खपत नसे. त्याचा सिंह खरा होता. आजोबा वसावासिंग रेल्वेवर सुतार होते. दिवेलागणीला तळावर सिंह आला आणि लाकूड तासायच्या वाकसाच्या घावाने मेला. पुढे फाळणीत सियालकोटकडचं गाव सरहद्दीपलीकडे गेलं, घर गेलं. आजोबांचा साधा फोटोसुद्धा उरला नाही. उरला तो सिंह. वखारीत आलेल्या गिऱ्हाइकाला फळीच्या आधी सिंह मिळे.

नात परमीतच्या लग्नाची तारीख ठरवायला नकुरूचे पाहुणे यायचे होते. बायकोने, हरबन्स कौरने, सकाळीच बजावलं.

"अहो सरदारजी, आज तेवढा सिंह बांधून ठेवा."

"मी कुठे काय बोलतोय?"

"मागच्या खेपेला हेच म्हणालात आणि धाकट्या सूनबाईच्या वडलांची बस चुकली."

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे आजोबा गुलजारसिंग अंगाने आडवे आणि आवाजाने उभे. सोबत सून. ओसरीवर सरोवराचा वारा येत होता. परमीतने चहा, सामोसे आणि तळलेला मोगो, म्हणजे कसाव्याचे काप, आणून ठेवले. निधानसिंग शहाण्यासारखा मोगो चघळत बसला. तोंड भरलेलं असलं की बोलायची भीती नाही.

तेवढ्यात गुलजारसिंगच म्हणाले, "आमच्या आजोबांनी सिंह मारला होता, बरं का."

परमीतने ओढणी तोंडाला लावली.

"कशाने?" निधानसिंगाच्या तोंडून निघून गेलंच.

"वाकसाने. सुतार माणसाच्या हातात दुसरं काय असणार?"

मोगो घशातच थांबला.

"पण आजोबा मुलखाचे अबोल. विचारलं की म्हणायचे, 'घाण वास येत होता.' पुढे एक अक्षर नाही. बाकी सगळं त्यांच्या तंबूतला सोबती सांगायचा. सुट्टीला नकुरूला यायचा. त्याला सगळं दिसलं होतं. दिसणारच! गडी झाडावर बसला होता!"

सून हसली.

"सिंह मेला तरी उतरेना! आजोबा खालून ओरडतायत, 'वसावासिंगा, मेला रे तो, उतर!' आणि हा वरून म्हणतो, 'आधी त्याला विचारून घे!'"

गुलजारसिंग डोळे पुसत हसू लागले. हरबन्स कौर भरलेल्या कपातच चहा ओतत राहिली.

निधानसिंगाला आजोबांचे शब्द आठवले. 'तंबू पालथ्या वाट्यांसारखे दिसत होते.' हे वाक्य त्याने वखारीत किती जणांना ऐकवलं होतं! पालथ्या वाटीसारखा तंबू दिसतो कुठून? आणि आजोबा 'मी मारला' असं कधी म्हणालेच नव्हते. 'सिंह मेला' म्हणायचे. मारण्याचं काम घरच्यांनी केलं, त्यातही जास्त त्याने स्वतः.

गप्प बसला असता तर भागलं असतं. पाहुण्यांना कुठे ठाऊक होतं त्याच्या आजोबांचं नाव? नकुरूचा सिंह नकुरूला गेला असता आणि किसुमूचा किसुमूत राहिला असता. हरबन्स कौरचे डोळेही तेच सांगत होते.

"घाबरट म्हणावा तर केवढा!" गुलजारसिंग म्हणाले.

त्या ओसरीवर झाडावरच्या म्हाताऱ्याच्या बाजूने कुणीच नव्हतं.

"तो घाबरट माझा आजोबा," निधानसिंग म्हणाला.

गुलजारसिंगांचं हसू अर्ध्यावर राहिलं. पगडीवर उगाच हात फिरला.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगू देताय कुठे?" हरबन्स कौर म्हणाली. "इतका वेळ नुसते डरकाळ्या फोडताय."

गुलजारसिंग उठले आणि खुर्ची ओढत थेट निधानसिंगाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. आवाज एकदम खाली आला.

"वसावाचाचांच्या मांडीवर बसून ऐकलंय मी. आमचा आजोबा आम्हाला कळला तो त्यांच्या तोंडून. नाहीतर घाण वासापलीकडे काय होतं आमच्याकडे? पण लहान होतो, अर्धं विसरलो. सिंह आला कुठल्या अंगाने? आजोबा तेव्हा काय करत होते? सगळं सांगा. मला घरी जाऊन पोरांना सांगायचंय."

निधानसिंगाने कप खाली ठेवला. ही गोष्ट त्याने जन्मभर जमिनीवर उभं राहून, वाकस उगारून सांगितली होती. आता पहिल्यांदा झाडावर चढायचं होतं. त्याने घसा साफ केला, खुर्चीत पाय वर घेतले.

"नदीच्या अंगाने आला," तो म्हणाला. "फांदीवरून आधी नुसतं गवत हलताना दिसलं..."

"चढले एकदाचे," हरबन्स कौर म्हणाली, आणि तारीख ठरवायला पाहुण्यांच्या सुनेला घेऊन आत गेली.