सप्रेम भेट, प्लॉट नंबर चौदा

संभाजीनगर वाढत वाढत बजाजनगरच्या पार पल्याड गेलं, पण नळ काही त्याच्या मागं धावले नाहीत. घरं आली, गेटं आली, गेटांवर नावाच्या पाट्या आल्या. पाणी मात्र टँकरचं. त्यात दुष्काळाचं दुसरं वरीस. त्या उन्हाळ्यात धरणाच्या तळाला अशी भेग पडली म्हणतात, की एक म्हैस इकडून आत पडली ती थेट वैजापूरच्या बाजारात निघाली, अन् तिथं तिला गिऱ्हाईकबी मिळालं. खोटं वाटत असंल तर वाटू द्या. सावनीचं मात्र असंच झालं, टाकलं एकीकडं अन् निघालं भलतीकडंच.

सावनी ही चौदा नंबरच्या प्लॉटातली सून. घरी बसून कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. टँकर आला की पहिली नळी अप्पारावच्या ड्रमात पडायची, कारण अप्पारावचा आवाज मोठा अन् ड्रम त्याहून मोठे. ते बघून बघून सावनीच्या डोक्यात किडा वळवळला. इंटरनेटवर तिला एक फुकटचा प्रोग्राम सापडला. सातासमुद्रापल्याडच्या कुण्या बिल्डिंगीत सगळ्यांत मिळून एकच कपडे धुवायचं मशीन. त्याच्या पाळ्या लावायला तिथल्या लोकांनी तो लिहिलेला. कुणीबी घ्या, बदला, वाटा. पण ती झाली कच्ची ज्वारी. दळणार कोण अन् थापणार कोण? सावनीनं दोन रविवार घालवले, मशीनच्या जागी टँकर घालून सगळं मराठीत केलं अन् लोकांच्या हातात गरम भाकरीच ठेवली. फोनवर दाबलं की चालू.

पहिल्याच पानावर तिनं इमानानं लिहिलं, "हा प्रोग्राम मी लिहिलेला नाही. जसा आहे तसा देत आहे. चुकला तर जबाबदारी कुणाचीच नाही."

सासूबाईंनी, कालिंदीबाईंनी, चष्मा लावून ते वाचलं. "हे काय गं? भेट देतेस का शाप? अगं, बारशाला वाटी दिली तरी तिच्यावर नाव घालून देतो आपण. बिननावाची वस्तू कोण घरात घेतंय?"

"आई, पण मी फक्त—"

"नाव घाल."

सावनीनं ती सूचना बारीक अक्षरात तळाला ढकलली अन् वर ठळक लिहिलं, "सप्रेम भेट, सौ. सावनी, प्लॉट नं. १४." खाली फोन नंबर.

नाव बघून आठवड्यात साठ घरांनी ॲप घेतलं. टँकरवाला कारभारीसुद्धा फोन बघून नळी टाकायला लागला. अप्पाराव पहिल्यावरनं एकतिसाव्याला गेला, अन् त्या दिवशी गल्लीत एवढा आनंद झाला की तीन घरी शिरा शिजला, तोबी दुधात, पाणी कुठून आणणार. ॲप ह्या फोनातून त्या फोनात उड्या मारत फुलंब्रीला पोचलं. ज्या गावांची नावंबी सावनीनं ऐकली नव्हती तिथनं फोन यायला लागले. "ताई, आमचा टँकर किती वाजता धाडताय?"

बावीस नंबरच्या सरूबाईची पाळी गुरुवारी होती. तिची लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ नऊ दिवसांचं. फोन गुरुवार दाखवतोय म्हणून सरूबाईनं बुधवारीच टाकीतलं उरलंसुरलं पाणी बाळंतिणीच्या अंघोळीला अन् दुपट्यांना सढळ हातानं संपवलं. गुरुवारी टँकर आलाच नाय. टँकर भरायच्या विहिरीवर रांग लागली होती. शुक्रवारी आला अन् नळी सरळ तेविसात.

"कारभारी, अन् माझं?"

"सरूमावशी, तुमची पाळी कालच झाली."

"झाली? हंड्यात थेंब नाय, अन् झाली?"

कारभारीनं फोन पुढं धरला. बावीससमोर हिरवी खूण. खाली लिहिलेलं, पुढची पाळी बारा दिवसांनी.

सरूबाई तडक चौदात आली. सावनीनं प्रोग्राम उघडून बघितला, तेव्हा कुठं चूक दिसली. मशीनवाल्यांचे कपडे तासात धुऊन व्हायचे. तास सरला की प्रोग्राम पाळी झाली म्हणायचा अन् पुढच्याला बोलवायचा. मशीन जागचं हलतं थोडंच? ते आज आलंच नाय, असं काही त्या बिचाऱ्यांच्या सपनातबी नव्हतं.

तिनं लिहिणाऱ्यांना मेल धाडली. तासाभरात उत्तर आलं, मोठं गोड. ही तयार प्रत आम्ही केलेली नाही, ज्यांनी करून दिली त्यांना विचारा. आत त्यांचं नाव अन् नंबर आहे.

सावनी तशीच उन्हात पळत शेवटच्या गल्लीत गेली. टँकरमधी थोडं पाणी शिल्लक होतं.

"कारभारीदादा, फोन चुकलाय. दोन हंडे तरी सरूमावशीकडं सोडा. घरात बाळंतीण आहे."

"सोडतो की. कुणाच्या वाट्यातलं सोडू?"

रांगेतल्यांनी आपापले ड्रम जवळ ओढले. मग अप्पाराव हसत पुढं आला. "ताई, फोन चुकतो म्हणता? मग माझा नंबरबी चुकलाच असंल. पुसा की सगळं, करू पहिल्यासारखं."

"नाय नाय," बायका एकदम बोलल्या. "फोन म्हणंल तसंच."

"अहो, पण तो प्रोग्राम माझा नाय. मी नुसता तयार करून दिला. चुकू शकतो असं तळाला लिहिलंय मी."

"तळाला तर बिस्किटाच्या पुड्यावरबी लिहितात," ड्रमावर बसलेली दगडाबाई म्हणाली. "कोण वाचतंय बाई."

नळी शेवटच्या ड्रमात पडली. सावनी घरी आली. स्वतःच्या टाकीच्या तळातनं गाळून तिनं दोन कळशा भरल्या अन् बावीस नंबरला नेल्या. विकतच्या पाण्याचा जारवालाबी तीन दिवस फिरकला नव्हता. सरूबाईनं कळशा पातेल्यात ओतल्या. पातेलं निम्मंबी भरलं नाय.

"आजचं भागंल. अन् उद्या?"

"मला नाय माहीत, मावशी."

सरूबाईनं रिकाम्या कळशा तिच्या हातात दिल्या. शिव्या दिल्या असत्या तर सावनीला बरं वाटलं असतं. "हेच पहिल्या दिवशी तोंडानं बोलली असतीस," ती हळूच म्हणाली, "तर मी बुधवारी टाकी रिकामी केली नसती गं."

आतनं दीपमालानं विचारलं, "आई, पाणी आलं का?"

सरूबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. सावनी उंबऱ्यात तशीच उभी राहिली. आत बाळ रडायला लागलं होतं.