न उकळलेला गाळ

पपईची सालं, शिळ्या तॉर्तिया-भाकऱ्या, पोसोलेच्या रश्श्याच्या पातेल्यात तळाला उरलेले मक्याचे दाणे.

हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही.

मंडईच्या भोंग्यावर हरवलेलं पोर आणि टोमॅटोचा उतरलेला भाव एकाच सुरात पुकारतात.

शेणखड्ड्यातला गाळ आधी उकळायचा. मिथेन करणारे जिवाणू मरतात. हायड्रोजन करणारे कवचात दडून तग धरतात.

दोन्या कुकाची खरकट्याची बादली टाकीवरून भरलेलीच परत आली.

हे सगळं केरेतारो शहरातल्या मंडईमागच्या एका टाकीभोवतीचं. टाकीत मंडईतलं खरकटं कुजवून हायड्रोजन काढायचे. टाकी सांभाळायची इंजिनियर युनुएन. एप्रिलमध्ये टाकी मंदावली, आणि पैसे देणारे पाहुणे तर दारात होते. दुधात विरजण घालावं तसा युनुएननं खड्ड्यातला ताजा गाळ आणून ओतला. उकळत बसायला वेळ नव्हता. हायड्रोजन आणखी घसरला.

मग गाळेवाल्यांची सभा. आमच्या खरकट्याचं केलंत काय, असं कुणीतरी विचारलं. युनुएन म्हणाली, एखाद्या बादलीत ब्लीच असावं, त्यानं जिवाणू मरतात. कुणाच्या बादलीत, म्हणून गलका झाला. तिनं नाव घेतलं. दोन्या कुकाचं.

दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई, खाणावळवाली. दुसऱ्या दिवसापासून कोंबडीवाला तिच्या बाकावर बसेना. हमाल रस्सा हुंगायला लागले. "दोन्या, आज जेवायचं, की शर्ट बुडवून ठेवायचा?" असं एकानं विचारलं आणि अख्खा बाक हसला.

युनुएन रोज तिथंच जेवायची. तिनं जाणं सोडलं. पुढे मंडईत शिरायचं दारही बदललं.

एका सकाळी कुकाच टाकीपाशी आली. बादली घासून, उन्हात वाळवून आणली होती.

"हुंग."

"दोन्या, राहू द्या ना."

"हुंग, इंजी. नीट. नाक घाल आत."

युनुएननं नाक आत घातलं. मक्याचा पुसटसा वास, बाकी काही नाही. मान वर काढायची तिला हिंमत होईना. तशीच वाकून, बादलीतच बोलल्यासारखं ती म्हणाली, की कच्चा गाळ तिनंच ओतला होता, चूक तिचीच.

"हे मला कानात काय सांगतेस?" कुका म्हणाली. "माझं नाव घेतलंस तेव्हा हातात माइक होता."

त्याच दिवशी टोमॅटोचा भाव सांगून झाल्यावर भोंग्यावर युनुएनचा आवाज आला. गाळ मी न उकळता ओतला, त्यातल्या जिवाणूंनी हायड्रोजन खाऊन मिथेन केला, दोन्या कुकाच्या बादलीत काहीही नव्हतं. इथवर बोलून ती थांबली. मग म्हणाली, सभेत बोलले तेव्हा मला हे कळलेलं नव्हतं.

मंडईत टाळ्या पडल्या. हमाल बाकावर परतले. कोंबडीवाल्यानं, आपला कधी विश्वासच बसला नव्हता, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

कुकानं युनुएनला हाताला धरून बसवलं. वाडगा भरला, वर मुळ्याच्या चकत्या जरा जास्तच टाकल्या.

"खा गं. खरं बोलून भूक लागली असेल."

युनुएननं चमचा उचलला. घास तोंडातच फिरत राहिला. कुका समोर उभी राहून बघत होती, हसत होती.

गाळेवाल्यांची ती सभा दुपारी होती. मिथेनचा चढलेला आकडा युनुएननं त्या दिवशी सकाळीच पाहिला होता.