कागदोपत्री मोडकळीस

"मान खाली," बर्नी म्हणाली.

नदीनने मान खाली घातली. कात्रीचं गार टोक मानेला लागलं.

"मग? माझं दुकान मोडकळीला आलंय म्हणे?"

"बर्नी, तो नुसता कायद्याचा शब्द आहे गं."

"छत गळतं का कुठे?"

"नाही."

"उंदीर दिसले?"

"नाही गं बाई."

"एकच होता, त्याच्याशी मी लग्न केलं होतं. तोही कधीच पळाला." बर्नीने कात्री खाली ठेवली आणि आरसा मागे धरला. "बघ. सभेत शोभून दिसशील."

संध्याकाळी मत काय देणार, हे तिने विचारलं नाही. नदीननेही सांगितलं नाही.

नदीन ट्राउटमन दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. शिवाय ती केल्टन हाइट्सची नगरसेविका होती. सेंट लुइसच्या कडेचं हे छोटं गाव. चपलांचा कारखाना बंद पडला, मग वाणसामानाचं शेवटचं दुकानही. तिचा मुलगा डेन्व्हरला गेला तेव्हा म्हणाला होता, "इथे आहे काय, आई?" 

आता एक बिल्डर आला होता. वेबर स्ट्रीटची एक अख्खी बाजू पाडून तिथे उंची फ्लॅट, वाइनचं दुकान आणि इटालियन रेस्टॉरंट काढायचं म्हणत होता. अट एकच होती. त्या पट्ट्याचा खास कर-विभाग करायचा. नव्या इमारतींमुळे जो वाढीव कर येईल तो तेवीस वर्षं शाळेला द्यायचा नाही, त्यातून बिल्डरच्या पार्किंगचा आणि रस्त्यांचा खर्च भागवायचा. आणि असा विभाग करायचा तर आधी तो पट्टा मोडकळीस आलाय, असा ठराव व्हायला हवा होता. बर्नीचं पार्लर त्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध होतं.

सभागृह भरलं होतं. बिल्डरचा सल्लागार पडद्यावर फोटो दाखवत होता. तडकलेला फुटपाथ. पोपडे आलेली भिंत. मग एक गंजलेली पन्हळ आली, आणि तिच्याखालचा हिरवा दरवाजा नदीनने ओळखला.

शाळांच्या अधीक्षकांनी आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. "फ्लॅटमधली मुलं आमच्याकडे येतील. त्यांचा कर येणार नाही. मी त्यांना बसवू कुठे?"

मग बर्नी माइकपाशी गेली. अंगात चर्चला जातानाचा कोट होता.

"मी बर्नडेट सिमान्स्की. ती पन्हळ माझी. तुम्ही सगळ्यांनी मागूनच फोटो काढलेत. पुढच्या काचा मी रोज सकाळी पुसते. तिकडून कुणी आलंच नाही." जरा थांबून ती म्हणाली, "एवढंच."

मतं तीन-तीन पडली. नदीन शेवटची. तिला रिकामी दुकानं आठवली, डेन्व्हर आठवलं. बर्नीकडे तिने पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.

बर्नीला दुकानाचा भाव बरा मिळाला. तक्रार करावी असा नव्हताच. तिने खुर्ची आणि ड्रायर घराच्या तळघरात नेले. जुन्या बायका तिथे जाऊ लागल्या. नदीनची आई हिल्डाही दर शुक्रवारी जायची. नदीन तिला गाडीने सोडायची आणि इंजिन चालू ठेवून बाहेरच बसायची.

"काही म्हणाली का?" ती आईला विचारायची.

"पुष्कळ बोलली. तुझ्याबद्दल नाही."

"माझा नमस्कार तरी सांगायचास."

"मत तू दिलंस," हिल्डा सीटचा पट्टा लावत म्हणायची, "निरोप मी कशाला नेऊ?"

वेबर स्ट्रीट उभा राहिला आणि चांगला चाललाही. फ्लॅट भरले. संध्याकाळी लोक फुटपाथवर टेबलं मांडून बसू लागले. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलगा आला, दोन ग्लास वाइन प्यायला आणि म्हणाला, "आता जरा गाव वाटतंय." रविवारी परत गेला. त्या वर्षी शाळेने संगीताचे मास्तर कमी केले. नदीन पुन्हा निवडून आली. केस ती आता नव्या सलूनमध्ये कापायची. तिथली मुलगी नम्र होती, दर वेळी नाव विचारायची.

फेब्रुवारीत हिल्डा गेली. झोपेतच गेली. दुसऱ्या दिवशी नदीन कपड्यांची पिशवी घेऊन, अंत्यविधीआधी देह सजवून ठेवतात त्या फ्युनरल होमला पोचली.

"केसांचं कसं करायचं?" तिने तिथल्या माणसाला विचारलं. "तुमच्याकडे कोणी असतं का?"

"त्या आल्यात की. मगाशीच आल्या."

आतल्या खोलीत बर्नी पाठमोरी उभी होती. हिल्डाच्या डोक्याखाली तिने दुमडलेला टॉवेल घातला होता आणि एकेक रोलर सोडवत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"निळा ड्रेस आणलास?"

"हो."

"बरं केलंस. राखाडीत ती आजारी दिसायची."

नदीन पिशवी धरून उभी राहिली. "बर्नी, मी तुला फोन करणार होते."

"मी तुझ्यासाठी नाही आले." आवाजात राग नव्हता. "शुक्रवार तिचाच असतो."

 कानामागची बट बर्नीने बोटाने वळवली, सोडली, पुन्हा वळवली. नदीनला काहीतरी बोलायचं होतं, कारखान्याबद्दल, मुलाबद्दल. शब्द सापडेपर्यंत बर्नीने स्प्रेचा डबा हातात घेऊन हलवला होता.

"इकडे ये," ती म्हणाली. "डोळे झाक तिचे. डोळ्यांत जाईल."

नदीन पुढे झाली. आईच्या मिटलेल्या डोळ्यांवर तिने तळहात आडवा धरला आणि बर्नी फवारायची थांबेपर्यंत तो हलू दिला नाही.