कोंडाई शुद्ध बोलायला लागली

राजेश्रीला राग यायला एरवी वेळ लागत नाही. मालिकेच्या चित्रीकरणाच्या दिवशी मात्र तिने तो दुपारपर्यंत गिळून धरला होता, हे आधी सांगितलेलं बरं. कारण पुढे लोक तिला आगाऊ म्हणाले, आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कादंबरी उघडूनही पाहिलेली नव्हती.

कादंबरीचं नाव 'सात घळींचं राज्य'. चारठाण्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुपाद सरांनी ती बारा वर्षं खपून तीन भागांत लिहिली. राजेश्रीचं परभणीत टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि अर्ज यांच्या मधल्या वेळात तिने ती पानपान टाईप केली. सर गेले, पण पुस्तक राहिलं. परभणीच्या वाचनालयात तिसरा भाग कधी जागेवर सापडत नाही, आणि सापडला तर त्याची शेवटची पानं सापडत नाहीत.

गोष्ट अशी. सात घळींच्या राज्याच्या वेशीवर शत्रू येऊन बसतो. राज्य राखणारे दगडी राक्षस खांब होऊन झोपलेले असतात. त्यांना जागं करायला दरबारातले पंडित तीन दिवस मंत्र म्हणतात, खांब ढिम्म हलत नाहीत. मग कोंडाई येते. साठीची, काळी, बुटकी, पुढचे दोन दात पडलेली, शेळ्या राखणारी बाई. ती एका खांबाला धपाटा घालते आणि म्हणते, "उठा की बाबांनो. किती दिस बसायलाव? माणसं मरायलीत इथं." आणि खांब उठतात. ज्यांनी ते घडवले ती माणसं अशीच बोलत होती, दुसरं बोलणं त्या दगडांना कळतच नाही. पुढे लोक कोंडाईलाच राणी करतात. तिन्ही भागांचा जीव एवढ्या एका गोष्टीत आहे.

हे बोलणं सरांनी घरातूनच उचललं होतं. त्यांची बायको भागम्मा अशीच बोलते. दहा वर्षांपूर्वी तिचे कान गेले, तेव्हापासून ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखते. मुंबईच्या कंपनीची माणसं मालिकेच्या करारावर सही घ्यायला आली, तेव्हा तिने राजेश्रीला शेजारी बसवून घेतलं आणि एकच विचारलं.

"कोंडाई आमच्यावानी बोलंल ना?"

"अर्थातच, आजी," कंपनीचा माणूस म्हणाला.

राजेश्रीने हट्ट धरून करारात एक ओळ घालून घेतली: मूळ भाषेचा यथोचित आदर राखला जाईल. मग भागम्माचा हात धरून तोंड मोठं करून तिला सांगितलं, "बोलंल, काकू. माझी जिम्मेदारी." त्या 'यथोचित' शब्दात काय काय मावतं, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि त्याबद्दल ती अजून स्वतःला शिव्या घालते.

शब्द द्यायला तिला जास्तच जोर आला होता, कारण हीच चूक तिने एकदा स्वतः केली होती. पहिला भाग टाईप करताना तिने कोंडाईचं सगळं बोलणं सुधारून टाकलं होतं. 'बसायलाव'चं 'बसला आहात', 'मरायलीत'चं 'मरत आहेत'. छापील पुस्तकात असलं गावठी बरं दिसत नाही, सरांची शोभा होईल, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं होतं. सरांनी पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "राजेश्रीबाई, आता दगडं उठतील का?" एवढंच. तिने चारशे पानं पुन्हा टाईप केली.

म्हणून चारठाण्याच्या जुन्या देवळांपासून थोड्या अंतरावर मोकळ्या माळावर चित्रीकरण सुरू झालं आणि कंपनीने तिला भाषा सल्लागार म्हणून बोलावलं, तेव्हा ती हरखून गेली. दुकानाला आठ दिवस कुलूप लावून, तिन्ही भाग पिशवीत घालून ती चारठाण्याला पोचली.

पहिला धक्का कोंडाईचाच. अर्पिता नावाची चोवीस वर्षांची नटी, उंच, गोरी, दात सगळे जागच्या जागी. साठ वर्षांच्या म्हातारीला बघायला प्रेक्षक थांबत नाही म्हणे. राजेश्रीने गिळलं. शेळ्या गेल्या आणि घोडा आला. तेही गिळलं. मग तिच्या हातात तिचं काम आलं, आणि ती चक्रावली. तिने बोली शिकवायची होती ती कोंडाईला नाही, खापऱ्या चोराला. खापऱ्या चोर कादंबरीत नाहीच. तो मालिकेसाठी नवा जन्माला घातला होता, कोंबड्या चोरणारा, धोतर सुटणारा, दर प्रसंगात आपटणारा. 'लय' आणि 'हाय' सगळं त्याच्या वाट्याला आलं होतं. कोंडाईच्या कागदावर होतं: हे निद्रिस्त पाषाणांनो, जागृत व्हा. तुमची सम्राज्ञी तुम्हाला आज्ञा देत आहे.

हे लिहिणाऱ्याचे हात कसे धजले, असं तिला झालं. ती दिग्दर्शकाला शोधत तंबूमागे गेली. योगीराज त्याचं नाव, पस्तिशीचा. तो पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. "जेवलो म्हणलं ना आई. काम करायलोय. व्हय, करतो नंतर."

राजेश्री जागीच थांबली. हा आपल्याकडचा आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठले तुमी?" त्याने फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"देवगाव फाट्याजवळचा," तो म्हणाला, आणि लगेच नीटनेटक्या आवाजात, "बोला मॅडम, काय अडचण आहे?"

"आईशी 'करायलोय' चालतं. मग राणीला का चालत नाही?"

त्याने फोन खिशात टाकला. "मॅडम, मी पुण्याला शिकायला गेलो, पहिल्याच दिवशी वर्गात एकाला विचारलं, काय करायलाव? चार वर्षं माझं नाव करायलाव होतं. प्राध्यापकसुद्धा तेच म्हणायचे. राणी अशी बोलली तर लोक हसतील. मला माहितीये ते हसणं."

"मग चोर?"

"चोर हसण्यासाठीच आहे."

परका असता तर अडाणी म्हणून सोडून देता आलं असतं. ह्याला सगळं ठाऊक होतं. ज्यांनी याला हसून हसून बेजार केलं, त्यांनाच खूश करायला हा आपल्या आईचं बोलणं कोंबडीचोराच्या तोंडी घालायला निघाला होता. राजेश्रीचा संताप अगदी डोक्यात गेला.

"सरांच्या कादंबरीत दगडं हे बोलणं ऐकून उठतात," ती म्हणाली. "तुमची कशानं उठणार?"

"आमची संगणकावर उठणार," योगीराज म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी तोच प्रसंग होता. गर्दी म्हणून गावातल्या चाळीस बाया बसवल्या होत्या. भागम्मालाही मुद्दाम आणून कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली होती, लेखकाची बायको म्हणून फोटो काढायला. अर्पिता खांबापुढे उभी राहिली, हात वर केला आणि म्हणाली, "हे निद्रिस्त पाषाणांनो, जागृत व्हा."

गर्दीतून फिस्सकन हसू आलं. पुन्हा घेतलं, पुन्हा हसू. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतली तानुबाई पदरात तोंड खुपसून गदगदा हलायला लागली.

"काय झालं हसायला?" योगीराज ओरडला.

"बाई बातम्या सांगायली का काय, सायेब," तानुबाई म्हणाली. "अशानं आमचं कुत्रं बी उठंना."

खुर्चीतली भागम्मा हसत नव्हती. ती डोळे बारीक करून अर्पिताच्या ओठांकडे बघत होती. "काय म्हणली ती?" तिने राजेश्रीला विचारलं. "मला कायच कळंना."

योगीराजने राजेश्रीला बाजूला बोलावलं. "तुमच्या बायकांना गप्प करा."

"मी करणार नाही. तुमी हसण्याला भेत होता ना? घ्या. आता कुणाला हसायलेत ते बघा."

तो काही बोलायच्या आत अर्पिता जवळ आली. सकाळपासून राजेश्रीने मनातल्या मनात तिची पिसं काढली होती. अर्पिताने साधं विचारलं, "ताई, पुस्तकात ती कसं म्हणते?"

राजेश्रीने म्हणून दाखवलं. अर्पिताने चारदा घोकलं, पाचव्यांदा तिचा सूर जमला. योगीराज घड्याळाकडे बघत होता, ऊन उतरायला आलं होतं. "घ्या एकदाचं," तो म्हणाला.

अर्पिताने हात वर केला नाही. तिने खांबावर थाप मारली आणि जरा चिडून, जरा लाडाने म्हणाली, "उठा की बाबांनो. किती दिस बसायलाव? माणसं मरायलीत इथं." चाळीस बायांतून एकीचाही आवाज आला नाही. भागम्मा खुर्चीतून अर्धी उठली होती. "म्हणली," ती म्हणाली. "म्हणली बगा."

योगीराजने मॉनिटरवर ते दृश्य दोनदा फिरवून पाहिलं, आणि "ठेवू हेच" म्हणाला. राजेश्रीने त्याच्यावर विश्वास ठेवला.

मालिका पाच महिन्यांनी इंटरनेटवर आली, हवी तेव्हा टीव्हीवर लावून बघता येणारी. रविवारी सकाळी भागम्माच्या घरी तानुबाई आणि दहा-बारा बाया स्वतःला बघायला जमल्या. राजेश्री परभणीहून पहिल्या एसटीने आली आणि सगळ्यांच्या पुढे बसली. खापऱ्या चोर दोनदा आपटला, बाया हसल्या. मग खांब आले. अर्पिताचा चेहरा पडदाभर झाला, तिने थाप मारली, आणि कुण्या दुसऱ्याच बाईचा मधाळ, घोटीव आवाज आला: "उठा, पाषाणांनो. तुमची सम्राज्ञी आज्ञा देत आहे." ओठांच्या मापात बसावं म्हणून वाक्य कापून लहान केलं होतं, तेवढी मेहनत घेतली होती. मागून ढोल, शंख, आणि खांब उठले.

राजेश्रीने तिथूनच योगीराजला फोन लावला, त्याने उचलला नाही. पण तिला खरं लागलं ते दुसरंच. कुणी हसलं नव्हतं. हीच तानुबाई, पदरात तोंड खुपसून हसलेली, आता डोळे मोठे करून बघत होती. "किती छान बोलती," ती हळूच म्हणाली. "राणीच वाटायली." शेजारच्या बायांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात भागम्माने राजेश्रीचा दंड पकडला. तिचा चेहरा फुलला होता. "म्हणली," ती म्हणाली. "माणसं मरायलीत इथं, म्हणली. बसायलाव म्हणली. टीव्हीत म्हणली." आणि मग, आवाज जरा खाली आणून, "कसा वाटतो गं, आवाज तिचा?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारी आनंदात होती, तिला कधी कळलंही नसतं. पण शब्द दिला होता तो राजेश्रीने, आणि तो मोडला हे लपवून ठेवायचा हक्क तिला नव्हता. ती भागम्माच्या समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आवाज तिचा न्हाई, काकू. काढून टाकला. दुसरीचा लावला. ती शुद्ध बोलायली."

भागम्माने आधी तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग माना डोलावणाऱ्या बायांकडे. तिचा चेहरा उतरेल म्हणून राजेश्री वाट बघत होती. तो उतरला नाही, तापला. तिला इतकं रागावलेलं राजेश्रीने सर असतानाही पाहिलं नव्हतं.

"म्हंजे ज्यायला ऐकू येतं, त्यायलाच फसवलं," ती म्हणाली. तिने तानुबाईच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि राजेश्रीच्या हातात दिला. "आवाज बंद कर. आन् लाव पुन्यांदा. ह्यायला म्हणावं, तोंडाकडं बगा तिच्या."