भिंतीला सुटलेला घाम

गुहेच्या तोंडावर ओली घोंगडी सोडली की आत काळोख व्हायचा, आणि काळोख झाला की मौनीबाबाच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मौनी हे नाव त्याचं त्यानंच ठेवलेलं. आपण कित्येक वर्षं एक शब्द बोललो नाही, हे तो इतक्या शब्दांत सांगायचा की ऐकणाऱ्याला ती वर्षं परत यावीत असं वाटावं.

"खेटून बसा लेकरांनो, अंगाला अंग लागू द्या. पूर्वजांना माणसांची ऊब लागते. हजारो वर्षं या थंडगार भिंतीत उभे आहेत ते!"

माणसं खेटून बसली. खाणीवरचे मजूर, त्यांच्या बायका, दुकानदार, एक निवृत्त पोस्टमास्तर. मुंगी शिरायला जागा नव्हती. कोपऱ्यांत चार शेगड्या धगधगत होत्या, त्यांच्यावर ओलं गोणपाट वाफाळत होतं. समोरच्या पांढुरक्या भिंतीवर हातांचे ठसे होते, पण सांगितल्याशिवाय दिसू नयेत इतके फिकट. त्यातला सर्वांत लहान हात उंचावर होता आणि त्याचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं.

मग ते सुरू झालं. लहान हाताभोवतीची भिंत आधी गुलाबी झाली, मग तांबडी, मग नुकत्याच कापलेल्या जखमेसारखी लालभडक. तिच्यावरून एक ओघळ हळूहळू खाली आला. दिव्यांच्या ज्योती कोणीतरी चिमटीत धरल्यासारख्या बारीक झाल्या. पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन आडवी झाली.

"आले!" मौनीबाबा ओरडला. "रक्त बोललं! आता ज्याचा हात आहे त्याला पुढे आणा."

गर्दीतून एक माणूस उठला. त्याच्या कडेवर आठ वर्षांची पोर होती. त्यानं तिचा डावा हात वर धरला. करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. गर्दी पुढे झुकली.

सगळ्यांत मागे, घोंगडीला पाठ लावून उभ्या असलेल्या बाईनं ती घोंगडी मुठीत धरली, कारण तो माणूस तिचा धाकटा भाऊ होता आणि ती पोर तिची भाची. पोरीचं नाव घरात कोणी घेत नसे. एका जागी बसत नाही म्हणून ती भिंगरी, आणि ही बाई तिची आत्या.

"शनिवारी," मौनीबाबानं आवाज खाली आणला, "ही आत एकटी बसेल. तोंड मातीनं लिंपून घेऊ, फट राहता कामा नये. शेगड्या चारही पेटत्या. सूर्य मावळला की बाहेर येईल, आणि तिचं बोट तिला परत मिळालेलं असेल."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भिंगरी मान टाकून बापाच्या खांद्यावर पडली होती. ती भक्तीनं पडली आहे असं बाकीच्यांना वाटलं.

आत्या संग्रहालयात चित्रकार होती. चुन्याच्या खाणीत सुरुंग उडाला आणि ही गुहा उघडी पडली, तेव्हा भिंतीवरचे हात पारदर्शक कागदावर उतरवून घ्यायला संग्रहालयानं तिलाच पाठवलं होतं. काम निम्म्यावर आलं आणि मौनीबाबा उगवला. कुठून आला ते कोणी विचारलं नाही. गुहेपुढे दानपेटी आली, मंडप आला, आणि संग्रहालयाच्या साहेबांनी लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे असं म्हणून हात वर केले. सुरुंग लावणारा होता तिचा भाऊच. आपल्या हातून देव उघडा झाला, या विचारानं तो हवेत होता.

त्या संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. भिंगरी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खाटेखाली ओकारीचं भांडं होतं.

"डोकं दुखतंय आत्या," ती म्हणाली. "गुहेतून आलं की दुखतंच."

आत्या स्वयंपाकघरात गेली. भाऊ चहा गाळत होता, आणि गाळणी भरून वाहत होती तरी ओतत होता.

"पोरीला आत कोंडणार तू? जित्या पोरीला?"

"कोंडणार नाही ताई. बसवणार."

"माती लिंपून?"

"तू त्या भिंतीसमोर महिनोन्‌महिने बसलीस. तुला एकदा तरी लाल झालेली दिसली?"

"नाही दिसली. मी एकटी बसत होते, दार उघडं ठेवून."

"म्हणजे तुझी श्रद्धा नाही म्हणून."

"भिंतीला माझी श्रद्धा कळते, आणि पोरीची ओकारी तुला कळत नाही?"

तो भांडं खाली ठेवून, तिच्याकडे न बघता बोलला.

"मौनीबाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, ते बोट तू तोडलं नाहीस. पूर्वजांनी खूण म्हणून घेतलं. तुझा हात फक्त निमित्त." त्यानं गाळणी खाली ठेवली. "ताई, दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. तूसुद्धा नाही."

दोन वर्षांपूर्वी भाऊ घाईत कामावर निघाला होता, पोर मागून धावत आली, आणि त्यानं दार ओढून घेतलं. एवढंच घडलं होतं. त्यानंतर त्यानं पोरीला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं, खेळणी आणली, पण तो डावा हात स्वतःच्या हातात कधी घेतला नाही. हे तिच्या लक्षात आलं होतं आणि तीही मूग गिळून बसली होती. आता त्या रिकाम्या जागेत एक लबाड माणूस येऊन बसला होता.

शनिवारी सकाळी तिनं डॉक्टरांना आणि पोलीस चौकीला फोन केला. दोघांनीही दुपारपर्यंत येतो म्हटलं. लिंपायचं काम दुपारीच होतं, तेव्हा ती जरा सैलावली आणि खाणीच्या मागच्या वाटेनं गुहेकडे निघाली. दगडांच्या ढिगाऱ्याआड माशा घोंघावत होत्या. तिनं पायानं गोणपाट सरकवलं.

खाली पांढरी कबुतरं होती. काही सुकलेली, एक अगदी ताजं. अंगावर जखम नव्हती. चोची उघड्या होत्या.

मौनीबाबा प्रत्येक बैठकीआधी एक पांढरं कबुतर पिंजऱ्यात घालून गुहेत ठेवायचा. पूर्वजांचा निरोप्या, असं सांगायचा. कबुतर प्रत्येक वेळी तेच असतं असं लोकांना वाटायचं. या माणसाला शेगड्यांचं सगळं ठाऊक होतं. किती वेळानं काय होतं, हे तो पाखरांवर बघून घेत होता. मेलेल्या पोरीचं बोट कोणी मोजणार नव्हतं; पूर्वजांनी नेली म्हटलं की झालं.

ती धावत सुटली.

मंडपात पोचली तेव्हा उशीर झाला होता. तिच्या फोनची खबर कोणीतरी पोचवली होती आणि बाबानं मुहूर्त अलीकडे ओढला होता. गुहेच्या तोंडावर ताडपत्री होती, कडांना ओली माती. मातीवर बोटांच्या खुणा होत्या. ताडपत्रीपुढे तिचा भाऊ हात पसरून उभा होता.

"कधी बंद केलंत?"

"झाला थोडा वेळ. मागे हो ताई."

"ही बाई पूर्वजांची वैरीण आहे!" मौनीबाबा कडाडला. "आत जाऊ दिलीत तर रक्त गावावर उडेल!"

दोघातिघांनी तिचे दंड धरले. तिनं हिसडा दिला नाही. पिशवीतून एक दगडाची खपली काढून वर धरली.

"हा याच भिंतीचा तुकडा. सुरुंगात उडाला तेव्हा मी उचललेला. काय दिसतंय याच्यावर?"

"काही नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "पांढरा दगड."

आत्या त्याच्यावर थुंकली. बोटानं थुंकी पसरली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढऱ्यातून लालभडक रंग वर आला.

"घ्या. रक्त! कोणत्या पूर्वजांनी बोलावलं याला? माझ्या थुंकीनं?"

एकजण फिस्सकन हसला. दंड धरणारे हात जरा ढिले पडले. पण भाऊ हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर तीच हट्टी शांतता होती, आणि ताडपत्रीमागून पोरीचा आवाज येत नव्हता. एका जागी न बसणाऱ्या पोरीचा काहीच आवाज येत नव्हता.

आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ओरडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"बोगद्यात सुरुंग उडाला की तू माणसं लगेच आत सोडतोस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सोडतोस का?"

"नाही."

"का नाही?"

"धूर असतो. गॅस. वास येत नाही, कळत नाही, माणूस बसल्या जागी..." तो थांबला.

"डोकं दुखतं आधी. मग ओकारी. मग झोप. तुझ्याच तोंडून ऐकलंय मी हे. बंद जागेत कोळसा जळतो तेव्हा तोच गॅस होतो. या ढिगाऱ्यामागे याची मेलेली कबुतरं पडली आहेत, जाऊन बघ. पण आधी हे उघड." तिनं ताडपत्रीकडे बोट केलं. "त्या दिवशी तू न बघता दार लावलंस. आज बघून लावतोयस."

भावाच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. त्यानं दोन्ही हात ओल्या मातीत खुपसले आणि ताडपत्री फाडली.

आतून गरम, जड हवा अंगावर आली. दिवा केव्हाच विझला होता. भिंगरी शेगडीजवळ कुशीवर पडलेली होती, गाल लालसर, तोंड किंचित उघडं. भावानं तिला उचलून उघड्यावर आणलं आणि हाका मारत राहिला. पहिल्या हाकांना काहीच झालं नाही. मग तिच्या छातीत काहीतरी खरखरलं आणि ती बापाच्या सदऱ्यावर ओकली. कोणाच्या ओकारीचा एवढा आनंद त्या गावानं कधी केला नसेल. डॉक्टर आले ते ऑक्सिजनची नळी घेऊनच. आणखी थोडा वेळ गेला असता तर मला बोलवायचं कारण उरलं नसतं, असं ते भावाला तोंडावर म्हणाले.

मौनीबाबा मागच्या वाटेनं सटकत होता. खाणीच्या पोरांनी त्याला धरून आणला. चार हात उगारले गेले तशी आत्या मध्ये पडली.

"मारू नका. पोलीस येताहेत. याला कोठडीत बसू द्या. तुम्ही इथे बसा आणि ऐका."

आणि मग, घोंगड्या काढलेल्या गुहेच्या तोंडाशी, लख्ख उजेडात, तिनं सगळं उलगडून दाखवलं. भिंतीवरचा लाल रंग म्हणजे गेरू. त्यावर शतकानुशतकं पाणी झिरपून चुन्याची पातळ साय धरलेली. साय कोरडी असते तोवर रंग झाकलेला, ओली झाली की तीच साय काचेसारखी होते आणि रंग वर येतो.

"पण पाणी आलं कुठून?" दुकानदारानं विचारलं.

"तुमच्या नाकातोंडातून. इतकी माणसं खेटून बसवली, ओलं गोणपाट तापवलं, दार बंद केलं. सगळी वाफ जाऊन थंड भिंतीवर बसली. भिंतीतून रक्त येत नव्हतं. तिला घाम सुटत होता, आणि तो तुमचाच होता."

"आणि ज्योती बारीक व्हायच्या त्या?"

तिनं पाण्याच्या रिकाम्या पिंपात एक पेटती शेगडी आणि एक दिवा ठेवून वर पाट ठेवला. थोड्या वेळानं पाट उचलला तर ज्योत विझलेली. "या पिंपात कोणाचे पूर्वज आले?" असं तिनं विचारलं तेव्हा पोस्टमास्तर ओशाळून चष्मा पुसायला लागले. त्या बैठकीत आडवी पडलेल्या बाईनं मात्र पदरानं तोंड झाकून रडायला सुरुवात केली. आपण त्या गुहेत तान्हं घेऊन बसलो होतो, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

भावाच्या मांडीवर भिंगरी नळी लावून पडली होती. त्यानं मान वर केली.

"मग तो हात, ताई? अर्ध्या बोटाचा?"

"खराच आहे तो. कोणा लेकराचा आहे. बोट तुटलं होतं की दुमडून धरलं होतं, ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण एक दिसतं. तो हात माझ्या डोक्याच्याही वर आहे. लेकराचा हात तिथे आपोआप पोचत नाही. मनगटाच्या खाली रंग तुटलाय, तिथे मोठ्या माणसाची दोन बोटं आहेत. कोणीतरी त्या लेकराला उचललं होतं, मनगट धरलं होतं, आणि आणखी कोणीतरी पोकळ हाडातून हाताभोवती गेरू फुंकला होता. लेकराचा बळी द्यायला नव्हे. त्याचा हात राहावा म्हणून."

भावानं खाली बघितलं. मग पोरीचा डावा हात उचलून आपल्या मातीनं भरलेल्या हातात घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडला.

"माझ्याच हातून झालं गं," तो म्हणाला.

"माहितीये बाबा," भिंगरी नळीतून पुटपुटली. "मी होते ना तिथे."

गर्दी उठायला लागली तशी आत्या पुन्हा बोलली.

"जाण्याआधी एवढं ऐका. ज्यांनी हे हात काढले त्यांच्याकडे शाळा नव्हती, वही नव्हती. तरी कोणती माती रंग देते, ती कशावर वाटायची, किती पातळ केली की फुंकता येते, हे त्यांनी शोधलं. चुकलं असेल, रंग गळून पडला असेल, त्यांनी परत करून बघितलं असेल. करून बघितलं म्हणून तो हात आजवर टिकला. आपण त्यांच्या पाया पडलो आणि त्यांची ती एकच सवय सोडून दिली. पुढचा बाबा येईल. तो भिंतीऐवजी दुसरं काही लाल करून दाखवेल. तेव्हा हात जोडण्याआधी दार उघडा, दिवा आत न्या, आणि विचारा: पाणी कुठून आलं?"